हमीदाखालाची सलोनी

हमीदाखालाला परदेशी पाठवावं असं आमच्या दूध संस्थेनं कधीच ठरवलं नव्हतं. ठरलं होतं ते एवढंच, की दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचं नाही.

वडवणीच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत आमचं सावळेगाव. तिथल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा मी सचिव. साल दुष्काळाचं होतं. जनावरं चारा छावणीत उभी होती आणि दुधाचे कॅन सकाळी खडखडत यायचे अन् तसेच खडखडत परत जायचे. अशात वरच्या साहेबांचा निरोप आला. सहकारी संस्थांच्या संचालकांचा एक अभ्यासदौरा युरोपातल्या स्लोव्हेनिया नावाच्या छोट्या देशाला निघाला होता. तिथले शेतकरी दुधाच्या जोडीला पर्यटन कसं करतात ते बघायचं होतं, आणि आमच्या संस्थेतला एक संचालक न्यायचा होता.

चेअरमन दत्ताआबा लगेच म्हणाले, "मी जातो." व्हाइस चेअरमन म्हणाले, "मग मी राजीनामा देतो." आबांचे मेहुणे म्हणाले, "मला पाठवा, म्हंजे भांडणच न्हाई." त्यावर खरं भांडण सुरू झालं. चहा आला, गेला, परत आला. शेवटी साहेबांनी फोनवरून वैतागून विचारलं, "अहो, पासपोर्ट कुणाकडं आहे?"

दोन्ही गटांत तो एकाकडंही नव्हता. मग भिंतीला टेकून बसलेली, महिलांच्या राखीव जागेवरून निवडून आलेली हमीदाखाला डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "माझ्याकडं हाय की. मक्केला जायला काढला व्हता, जाणं झालं न्हाई."

दोन्ही गटांनी एकदम टाळ्या वाजवल्या. आपला माणूस गेला नाही याचं दुःख कुणालाच नव्हतं. समोरचा गेला नाही याचा आनंद मात्र सगळ्यांना झाला होता.

हमीदाखाला म्हणजे शेख चाँद सायकलवाल्याची बायको. दोन म्हशींची मालकीण. अंगानं दणदणीत, आवाजानं त्याहून दणदणीत. बोलताना ती समोरच्याचं मनगट धरायची, म्हणजे माणूस गोष्ट संपल्याशिवाय हलू शकायचा नाही. हसू आलं की असेल तिथं मटकन खाली बसायची. रस्त्यात, एसटीच्या पायरीवर, एकदा तर मयताहून परतताना चिखलात. खाला म्हणजे मावशी; गावातलं शेंबडं पोरसुद्धा तिला "अगं खाला" म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणायचो. ती मला बापू म्हणायची, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मनगटाला एक हिसका देऊन म्हणायची, "आता बोल!" बोलायला काही उरलेलं नसायचं.

देशाचं नाव तिच्या जिभेवर बसेना. स्लोव्हेनियाचं तिनं सलोनी केलं. दोन दिवसांत गावभर झालं की खाला सरकारी खर्चानं सलूनात चालली. आमचा न्हावी मुद्दाम संस्थेत येऊन विचारून गेला, "कावून? माझ्या दुकानात काय कमी हाय?"

ती गेली आणि परत आली. येताना तिनं काय आणलं असेल? पाण्याची बाटली. तिथं राजधानीच्या शहरात भर चौकात नळ आहे, येणाऱ्याजाणाऱ्यानं तोंड लावून पाणी प्यावं असा. खालानं पाणी प्यायलं आणि बाटली भरली. सोबतचे साहेब म्हणाले, "खाला, हे पाणी कुठं नेणार?" साहेबांनीच मला पुढं सांगितलं, की सबंध दौऱ्यात बाई गप्प झाली ती त्या एकाच जागी. नळाकडं बघत नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, ह्यांनी ह्या नळाला कुलूप कावून न्हाई लावलं?"

ती बाटली तिनं कपड्यांत गुंडाळून सावळेगावला आणली आणि मक्केहून आलेलं पवित्र पाणी वाटावं तसं अख्ख्या गावाला चमचा चमचा वाटलं. सगळ्यांनी डोळे मिटून घेतलं. दत्ताआबांनी तोंडात घोळवून घोळवून गिळलं आणि निकाल दिला, "आपल्या बोअरसारखंच लागतंय."

पुढचा महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. खाला ओट्यावर बसायची आणि सलोनी सुरू व्हायची. तिथं शहराच्या मधल्या भागात गाडीला मज्जाव, कलेक्टर असला तरी चालत जायचं. तिथं डोंगरात मैलोगणती गुहा, आत जायला खेळण्यासारखी आगगाडी. तिथं एका तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर चर्च, चर्चला शंभरभर पायऱ्या, आणि लग्न झालं की नवऱ्यानं नवरीला उचलून त्या चढायच्या.

"अन् नवरीनं वर जाईस्तोवर तोंडातून सबुद काढायचा न्हाई," खाला सांगायची. "उचलायचं जमंल रे कुणालाबी. पर हे दुसरं? या अल्ला! आता बोल!"

पण तिच्या मनात घर केलं होतं ते मारिया नावाच्या बाईनं. डोंगरातल्या खेड्यात मारियाच्या घरी ही मंडळी उतरली होती. गायी, गोठा, चीज, आणि माडीवर पाहुण्यांच्या खोल्या. खालानं मारियाला ठेचा खायला घातला. मारिया रडली. मग मारियानं खालाला कसलंसं आंबट सूप पाजलं, तेव्हा खाला रडली. मग दोघी मिळून हसल्या आणि गोठ्यात जाऊन बसल्या. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या तिथं संध्याकाळभर बोलत होत्या, असं साहेब म्हणाले. मारियाच्या खोलीत पाटी होती: टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पाणी जपून वापरा. खालाला हे भलतंच वाटलं. तिनं साहेबांकरवी विचारलं, "पाव्हण्याला असं सांगायची लाज न्हाई वाटत?" मारिया म्हणाली, पाहुणे जातील, आम्हाला इथंच राहायचंय.

हे सांगताना खाला मनगट सोडून द्यायची. तेवढंच एक वाक्य ती हळू बोलायची.

गावाला वाटलं, चार दिवसांचं वेड आहे, उतरेल. पण त्या उन्हाळ्यात आमचा तलाव आटला.

तलाव झाला तेव्हा जुनं सावळेगाव त्याच्या पोटात गेलं होतं. माणसं वर डोंगराच्या उतारावर आली. खाला तेव्हा नवी नवरी होती, वर्षभरच त्या गावात नांदली होती. तलाव आजवर कधी पार तळापर्यंत आटला नव्हता. त्या साली आटला, आणि एका सकाळी गुराखी सांगत आले की गाव वर आलंय. आम्ही सगळे बंधाऱ्यावर धावलो. खाली भेगाळलेल्या गाळात गल्ल्या दिसत होत्या. अर्ध्या अर्ध्या भिंती, चावडीच्या दगडी पायऱ्या, मधोमध मारुतीचं देऊळ, उखळं, जाती. सगळं एका राखाडी रंगाचं, जसं काही कुणी गावावर चादर घालून ठेवली होती आणि आता काढली होती.

म्हातारी माणसं बंधाऱ्यावरच थांबली. खाला तरातरा खाली उतरली. थोड्या वेळानं खालून तिचा आवाज आला, "बापूऽऽ, माझी चूल हाय रे! चूल हाय!" आणि ती हसत हसत तिथंच मटकन बसली. बराच वेळ उठली नाही. मी जवळ गेलो तेव्हा ती डोळे पुसत होती, पण हसण्यानं की कशानं ते मी विचारलं नाही. माझं मनगट धरून म्हणाली, "बापू, मारियाकडं गुहा हाय, तळं हाय. आपल्याकडं हे हाय. असलं तिच्याकडं बी न्हाई. आता बोल!"

संस्थेच्या सभेत तिनं विषय मांडला. आपण पाहुणे आणायचे, गाव दाखवायचं, घराघरांत उतरवायचं, भाकरी खाऊ घालायची. दूध नाही तर नाही, संस्था जगवायची. सभेत हास्याचा स्फोट झाला. "दुष्काळ बघायला कोण येणार बे?" मागून कुणीतरी ओरडलं.

हसली नाही ती एकटी गंगूकाकू. गंगूकाकूचा नवरा गाव सोडताना आजारी पडला तो नव्या गावात आल्यावर उठलाच नव्हता. ती उभी राहिली आणि तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "हमीदे, माझं बुडालेलं घर तू लोकांला दाखवणार? तमाशा मांडतीस आमचा?"

  उत्तर सापडायला खालाला वेळ लागला असं मी त्या एकदाच पाहिलं. मग ती उठून गंगूकाकूजवळ जाऊन बसली. "मी न्हाई दाखवणार, गंगू. तुझं घर हाय, तू दाखव. न्हाई म्हणलीस तर त्या गल्लीत कुणी पाय ठिवणार न्हाई."

गंगूकाकू उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिलं तर ती जुन्या घरात केरसुणीनं गाळ झाडत होती.

नियम खालानं केले, आणि ते सगळे मारियाचे होते. तलावात गाडी न्यायची नाही, बंधाऱ्यापासून चालायचं. पाहुण्याला आंघोळीला एक बादली, आणि ती बादली परसातल्या झाडाच्या बुडाशी बसून अंगावर घ्यायची, म्हणजे पाणी झाडाला. कचरा आणला तर सोबत न्यायचा. एका वेळी गावात मावतील तेवढेच पाहुणे, आणि घरं पाळीपाळीनं.

पहिल्या पाहुण्या म्हणून अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या दोन प्राध्यापिका आल्या. गंगूकाकू तिच्या घरासमोर उभी होती. घर म्हणजे काय, चार बोटं उंचीच्या भिंतीची आखणी. एक बाई सहज ती भिंत ओलांडून आत आली.

"दारातून या!" गंगूकाकू कडाडली.

बाई दचकल्या. मागं फिरल्या, वळसा घालून जिथं उंबरा होता तिथून आत आल्या.

"वाकून. चौकट खाली हाय."

चौकट केव्हाच कुजून गेली होती. पण बाई वाकल्या. दुसऱ्याही वाकल्या. मग गंगूकाकूनं त्यांना बसायला सांगितलं, आणि इथं देवघर, इथं उतरंड, इथं माझी थोरली झाली, असं हवेत हात फिरवत तिनं असं काही घर उभं केलं, की बाहेर पडताना त्या बाया कुणी न सांगता वाकून बाहेर पडल्या. जाताना एकीनं गंगूकाकूच्या पायाला हात लावला. गंगूकाकू खालाला म्हणाली, "उद्या कोण येणार हायत?"

नंतर आला तो चाँदमामूंचा प्रसंग. कुणीतरी फोनवर काढलेली चित्रफीत फिरली आणि बीड, माजलगाव, पार पुण्यापासून लोक येऊ लागले. एका रविवारी पुण्याचं एक नवं जोडपं आलं. खालानं त्यांना चावडीच्या पायऱ्यांपाशी उभं केलं आणि सलोनीची रीत सांगितली. नवरा लाजायला लागला, जमेना म्हणाला. खाला म्हणाली, "थांबा, आमी करून दावतो," आणि तिनं चाँदमामूंना हाक मारली.

चाँदमामू, म्हणजे खालाचा नवरा, हा सायकलच्या आऱ्यासारखा माणूस. दिवसाकाठी चार शब्द बोलायचे, त्यातले दोन "हवा भरली." ते आले, त्यांनी पायऱ्यांकडं पाहिलं, मग बायकोकडं आपादमस्तक पाहिलं, आणि तसेच परत निघाले. खालानं मागून जाऊन त्यांना अलगद उचललं. दोन्ही हातांवर, नव्या नवरीसारखं. आणि चढायला लागली. अख्खा तलाव टाळ्या वाजवत होता. मामू आभाळाकडं बघत होते, टोपी छातीशी धरून. वर पोचल्यावर खालानं त्यांना खाली ठेवलं आणि धापा टाकत जाहीर केलं, "बघा, सबुद न्हाई काढला! पास झालं माझं माणूस!" आणि मटकन बसली. मग त्या पुण्याच्या पोरीनं पदर खोचला आणि आपल्या नवऱ्याला उचललं. त्यानंतर आमच्याकडं तीच रीत पडली. सावळेगावात बायको नवऱ्याला उचलते.

हे सगळं चाललेलं पाहून दत्ताआबांच्या डोक्यात मोठी सलोनी शिरली. त्यांनी बीडचा एक ठेकेदार आणला. तलावात तंबूंचं हॉटेल टाकायचं, गाड्या थेट चावडीपर्यंत न्यायच्या, बोअर मारायचा, तोही बंधाऱ्याच्या पायथ्याला, जिथून गावाच्या टँकरला उरलंसुरलं पाणी मिळत होतं. सभेत खाला एकटी विरोधात उभी राहिली. आबा म्हणाले, "अगं, दोन बादल्या पाणी दिलं तर काय मरणार हाय पाव्हणा?"

"पाव्हणा न्हाई मरणार, आबा. आपुन मरू."

"लई शानी झालीस सलोनीला जाऊन."

"तुमाला तर जाऊ दिलं न्हाई ना, म्हणून म्या गेलते!"

सभा हसली, पण हात वर झाले ते आबांच्या बाजूनं. ठेकेदाराचा शब्द मोठा होता आणि लोक दुष्काळानं पिचले होते. त्या दिवशी खाला माझ्या ऑफिसात आली, खुर्चीवर बसली, आणि माझं मनगट न धरता नुसतीच बसून राहिली. "बापू," ती म्हणाली, "आपलं गाव एकदा सरकारनं बुडवलं. आता आपुन बुडवतोय."

दुसऱ्याच दिवशी आबा ठेकेदाराला घेऊन पाहणीला निघाले. पांढरीशुभ्र जीप बंधाऱ्यावरून थेट खाली उतरली. पाहुण्यांचा एक जथा गंगूकाकूच्या घरात होता, खाला चावडीपाशी. सगळे बघत राहिले. वरून तलाव खडखडीत दिसतो, भेगा पडलेला. पण मधोमध गाळ खाली लोण्यासारखा असतो. म्हशी पाळणाऱ्या बाईला हे ठाऊक, आबांना जीपमधून कुठलं दिसणार? जीप गल्लीतून वळली, एक बुटकी भिंत मोडून पुढं गेली, आणि मग फार सावकाश, अगदी मानानं, दारापर्यंत खाली बसली.

आबांनी दार उघडायला पाहिलं, उघडेना. ते खिडकीतून बाहेर आले. ठेकेदार दुसऱ्या खिडकीतून आला आणि त्याचे दोन्ही बूट आतच राहिले, म्हणजे गाळात. पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खाला धावत आली. मला वाटलं आता हसून बसणार. पण ती उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं, मोडलेल्या भिंतीकडं बघितलं आणि अगदी नरम आवाजात म्हणाली, "आबा, कुठं हाव वळखलं का?"

आबा गुडघाभर गाळात. त्यांनी मान वळवली. जीपच्या नाकासमोर एक दगडी तुळशीवृंदावन होतं, गाळानं अर्धं भरलेलं.

"तुमचंच अंगण हाय," खाला म्हणाली. "अंगणात कुणी गाडी घालतं का, आबा?"

 आबांनी हातानं वृंदावनावरचा गाळ पुसला. एका बाजूला त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं, ते बोटांना लागलं. ते तसेच वाकून उभे राहिले, पांढऱ्या कपड्यांवर गाळाचा पट्टा, आणि पाहुण्यांच्या टाळ्या आपोआप थांबल्या. गंगूकाकू लांबून ओरडली, "दत्तू, दारातून ये!" आणि दत्ताआबा, आमचे चेअरमन, गाळातून पाय उपसत वळसा घालून, जिथं दार होतं तिथून, वाकून आपल्या घरात आले.

जीप बैलांनी ओढून काढली, पाहुण्यांनीही हात लावला. ठेकेदार अनवाणी बीडला गेला. पुढच्या सभेत आबांनी स्वतः ठराव मांडला की तलावात वाहन आणणाराला संस्थेतून काढून टाकावं. खालानं अनुमोदन दिलं आणि हसत हसत सूचकाच्या शेजारीच मटकन बसली.

ते दिवस सावळेगावानं पाहुण्यांवर काढले. भाकरी थापून थापून बायकांचे हात दुखले, संस्था तगली, छावणीतली जनावरं विकावी लागली नाहीत. आणि पुढल्या साली तलाव भरला. पार भरला. गाव गेलं. मी खालाला म्हणालो, "अगं खाला, धंदा बुडाला की गं!"

"हौ!" ती म्हणाली. "असा बुडू दे दर साली!"

तारीख आधीच ठरवलेला पाहुण्यांचा एक गट त्या आठवड्यात आला. त्यांना निरोपच पोचला नव्हता. बंधाऱ्यावर उभे राहून ते समोरच्या पाण्याकडं बघायला लागले. "गाव कुठंय?" त्यातल्या एकानं विचारलं. खालानं त्याचं मनगट धरलं आणि आनंदानं ओरडली, "बुडालं! समदं बुडालं!" ती इतकी हसत होती की त्यांनाही हसू फुटलं. मग तिनं त्यांना ताज्या चिकाचा खरवस खाऊ घातला. म्हैस त्याच आठवड्यात व्यायली होती.

पुढं मला बीडला दूध संघात नोकरी लागली आणि सावळेगाव सुटलं. सामान टेम्पोत घालून निघालो त्या दिवशी खाला घरी नव्हती. चाँदमामू म्हणाले, "पाण्यात." त्या दिवशीचा तो त्यांचा एक शब्द. टेम्पो बंधाऱ्यावर आला तेव्हा मी थांबवायला सांगितला.

मच्छीमार सोसायटीची होडी तलावाच्या मध्यावर होती. दोन भोई वल्ही मारत होते, आत शहरातले दहाबारा पाहुणे, आणि पुढं उभी, हात पसरून पाण्याकडं बोट दाखवत काहीतरी सांगणारी हमीदाखाला. आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता. होडी हळूहळू वळली, एका जागी थांबली, आणि सगळी माणसं एकदम खाली वाकली. मला वाटलं, काय झालं? कुणी पडलं का?

मग माझ्या ध्यानात आलं. त्या जागी खाली मारुतीचं देऊळ होतं. होडीतले सगळे चपला काढत होते. खालानं सगळ्यांत आधी काढल्या होत्या.